युकुलेलेवरच्या अवघड कॉर्ड्स: बी-फ्लॅट, ई आणि बी मायनर कशा बसवायच्या

सी, ए मायनर, एफ आणि जी या चार कॉर्ड्सवर युकुलेले शिकणाऱ्याचे पहिले काही आठवडे मजेत जातात. तारा मऊ, वाद्य हलकं, आणि बऱ्याच गाण्यांना साथ करण्यापुरत्या एवढ्या कॉर्ड्स पुरतात. मग ग्रुपमधलं कुणीतरी गायला बसतं आणि म्हणतं, "माझी पट्टी काळी पाच आहे." काळी पाच म्हणजे बी-फ्लॅट. कॉर्डचा तक्ता उघडला की त्यात पहिल्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांमधल्या पहिल्या घरात, आडवं बोट दिसतं, तिथे बोट टाकलं की दोन तारा मुक्या होतात, आणि बरेच जण तिथेच ठरवतात की आपली बोटं जाड आहेत, आखूड आहेत, किंवा आता वय झालं. हे ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण यातलं एकही कारण सहसा खरं नसतं.

अवघड कॉर्ड ताकद लावून बसत नाही. ती बसवताना दोनच प्रश्न सतत विचारायचे: या कॉर्डमधला कोणता स्वर वाजलाच पाहिजे, आणि आधीच्या कॉर्डमधलं कोणतं बोट जागचं हलवायची गरज नाही? पुढे जे काही सांगितलं आहे ते या दोन प्रश्नांभोवतीच आहे.

कॉर्ड्स मी चार आकड्यांत लिहिल्या आहेत. वाद्य हातात धरल्यावर चेहऱ्याच्या बाजूला असलेली तार आधी, म्हणजे जी, मग सी, मग ई, आणि शेवटी जमिनीकडची ए. आकडा म्हणजे फ्रेट आणि शून्य म्हणजे मोकळी तार. त्यामुळे सी मेजर झाली ०-०-०-३ आणि एफ झाली २-०-१-०. हे सोप्रानो, कॉन्सर्ट आणि टेनर या तिन्ही आकारांना लागू आहे. बॅरिटोन सहसा डी-जी-बी-ई असा लावतात, त्याचे तक्ते वेगळे.

आधी वाद्य तपासा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग महिनोन् महिने स्वतःच्या बोटांना दोष देत बसतात. स्वस्त युकुलेलेवर नट, म्हणजे मानेच्या टोकाशी असलेली खाचांची पट्टी, अनेकदा गरजेपेक्षा उंच असते. तसं असलं की पहिल्या फ्रेटवर तार दाबायला दुप्पट जोर लागतो. बी-फ्लॅट, एफ मायनर, ई-फ्लॅट या सगळ्या कॉर्ड्सची मदार पहिल्या फ्रेटवरच आहे, त्यामुळे उंच नटाचा सगळा त्रास नेमका इथे येऊन साचतो.

तपासायची पद्धत सोपी आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या धातूच्या पट्ट्यांमध्ये तार दाबून धरा आणि पहिल्या पट्टीच्या वर तारेखाली किती फट आहे ते डोळा जवळ नेऊन बघा. जेमतेम एखादा कागद सरकेल एवढीच फट हवी. दुसरी चाचणी ट्यूनरची. सी तार मोकळी वाजवून अचूक लावा, मग पहिल्या फ्रेटवर हलकेच दाबून वाजवा. ट्यूनरवर सी-शार्प दिसायला हवा. काटा मध्यावर न थांबता ठळकपणे वरच्या बाजूला जात असेल तर नट उंच आहे. अशा वाद्यावर कॉर्ड नीट पकडली तरी बेसूर लागते, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय.

यावर उपाय म्हणजे वाद्यं दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून नटाच्या खाचा थोड्या खोल करून घेणं. घरी कानस लावू नका. खाच जास्त खोल गेली तर मोकळी तार खरखरते आणि नट बदलावाच लागतो. तारा फार जुन्या असतील तर त्याही बदला. नव्या नायलॉनच्या तारा पहिले काही दिवस सैल होत राहतात, तेव्हा दर दहा मिनिटांनी ट्यूनिंग बघायची तयारी ठेवा.

आकाराचाही थोडा भाग आहे. सोप्रानोवर नटापासून घोडीपर्यंतची तार साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर असते, कॉन्सर्टवर ३८ आणि टेनरवर ४३ च्या आसपास. तीन बोटं एकाच फ्रेटमध्ये कोंबायची असतील तर टेनर सुखाचा, आणि बोटं लांब ताणायची असतील तर सोप्रानो. पण केवळ एका कॉर्डसाठी नवं वाद्य घेऊ नका.

दाब कुठून येतो

डावा अंगठा मानेच्या मागे, साधारण तर्जनी आणि मधल्या बोटाच्या समोर हवा. सोप्या कॉर्ड्स वाजवताना अंगठा वर सरकून मानेला विळखा घालतो. तिथे ते चालून जातं. आडवं बोट टाकताना मात्र अंगठा खाली, मानेच्या मध्यावर आणावाच लागतो, नाहीतर तर्जनी सरळ होतच नाही.

आता एक प्रयोग करा. कोणतीही कॉर्ड पकडा आणि अंगठा मानेपासून पूर्ण सोडून द्या. युकुलेलेचा फुगीर भाग उजव्या हाताने अंगाशी धरा आणि डाव्या कोपराचं वजन हलकेच मागे-खाली सोडा. तारा दाबल्या जातात, कॉर्ड वाजते. लोकलमध्ये वरच्या हँडलला हात नुसता अडकवून उभं राहिल्यावर दंड जसा सैल लटकतो, तसाच हात इथे तारांवर लटकू द्यायचा. हा अनुभव एकदा आला की अंगठ्याने चिमटा काढण्याची सवय आपोआप कमी होते. प्रत्यक्ष वाजवताना अंगठा परत मागे ठेवाच, पण टेकवण्यापुरता.

दाब नेमका किती हवा हे शोधायचाही व्यायाम आहे. कॉर्डच्या जागी बोटं नुसती टेकवा, तारा वाजवा, "ठक ठक" असा मुका आवाज येईल. मग अगदी सावकाश दाब वाढवत एकेक तार छेडत राहा. एका क्षणी स्वर स्वच्छ लागतो. तिथे थांबा. तेवढाच दाब पुरेसा आहे. बहुतेक जण याच्या दुप्पट जोर लावत असतात. बोट फ्रेटच्या पट्टीला जितकं लगटून, मात्र तिच्यावर न चढता, तितका कमी जोर लागतो. हे नियमासारखं पाळा.

बोटांची टोकं थोडी हुळहुळणं स्वाभाविक आहे. अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटात दुखत असेल तर मात्र लगेच थांबा, हात झटका, आणि पुन्हा बसताना मनगट जास्त वाकलंय का ते बघा. डाव्या हाताची नखं कापलेली हवीत, हे सांगायची वेळ पुन्हा पुन्हा येते.

गंधार कुठे आहे ते ओळखा

मेजर कॉर्ड म्हणजे सा, शुद्ध ग, प. मायनर म्हणजे सा, कोमल ग, प. नावापुढे सात असलेली कॉर्ड म्हणजे मेजर किंवा मायनर कॉर्डमध्ये कोमल नी मिळवलेली. पेटी शिकलेल्याला किंवा गाण्याच्या क्लासला गेलेल्याला हे लगेच कळतं. पंचम सुटला तरी कॉर्डचा रंग बदलत नाही. षड्ज तर गाणारा स्वतःच धरून असतो. गंधार सुटला की कॉर्ड आनंदी की उदास हेच कळेनासं होतं.

युकुलेलेला चारच तारा असल्यामुळे गंधार बहुतेक वेळा एकाच तारेवर असतो. म्हणून अवघड कॉर्ड शिकताना पहिली चौकशी ही: गंधार कोणत्या तारेवर आहे? बी-फ्लॅट ३-२-१-१ मध्ये तो सी तारेवर, दुसऱ्या फ्रेटला आहे. बी मायनर ४-२-२-२ मध्येही सी तारेवरच. ई मेजर ४-४-४-२ मध्ये ई तारेच्या चौथ्या फ्रेटवर, आणि डी मेजर २-२-२-० मध्ये ई तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर. सुरुवातीला बाकीची एखादी तार मुकी राहिली तर राहू द्या, गाणं पुढे न्या. गंधाराची तार मात्र पहिल्या दिवसापासून स्वच्छ हवी.

बी-फ्लॅट, बोटागणिक

गिटारवाल्यांना एफ कॉर्ड जो घाम फोडते, तिचाच आकार युकुलेलेवर बी-फ्लॅट होतो. गिटारच्या खालच्या चार तारांवर ३-२-१-१ धरलं की एफ, इथे तेच धरलं की बी-फ्लॅट. फरक असा की गिटारवर बार कॉर्ड, म्हणजे एक बोट आडवं टाकून वाजवायची कॉर्ड, धरताना त्या आडव्या बोटाला सहा तारा सांभाळायच्या असतात, इथे फक्त दोन. या लहानपणामागे इतिहास आहे. १८७९ साली मदेइरा बेटांवरून होनोलुलूला गेलेल्या पोर्तुगीज स्थलांतरितांबरोबर माशेत नावाचं छोटं चार तारांचं वाद्य हवाईत पोचलं आणि त्यातून युकुलेले घडलं. अरुंद मान आणि चार तारा ही शिकणाऱ्याची मोठी सोय आहे, तिचा फायदा घ्या.

तर्जनी पहिल्या फ्रेटवर, ई आणि ए या दोनच तारांवर आडवी. मधलं बोट सी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, अनामिका जी तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर. अगदी सर्रास होणारी चूक म्हणजे तर्जनी चारही तारांवर ताणून टाकणं. त्याची काही गरज नाही. उलट बोट जितकं पुढे सरकवाल तितकी ए तार पहिल्या पेराच्या सांध्याखाली, त्या घडीच्या खळग्यात जाते आणि मुकी होते. तर्जनीचं टोक ई आणि सी तारांच्या मध्ये कुठेतरी राहिलं की ई आणि ए दोन्ही तारा बोटाच्या पहिल्या पेराच्या गादीखाली येतात. टोक सी तारेला लागलं तरी बिघडत नाही, कारण ती तार पुढच्या फ्रेटवर मधल्या बोटाने दाबलेलीच आहे. तर्जनी जराशी अंगठ्याच्या बाजूच्या कडेवर कलती ठेवा, तिथे मांस कमी आणि हाड जवळ असतं, तार चांगली दाबली जाते.

बसवण्याचा क्रम असा. आधी फक्त तर्जनी टाकून ई आणि ए वाजवा. दोन्ही स्वच्छ येईपर्यंत बोट अर्धा-अर्धा मिलिमीटर पुढे-मागे करून बघा. मग मधलं बोट टाका आणि सी तार वाजवा, हाच गंधार. इथे थांबा. जी तार मोकळीच ठेवून चारही तारा छेडा: ०-२-१-१. हे बी-फ्लॅट सिक्स आहे. बी-फ्लॅटच्या जागी ते बहुतेक गाण्यांत खपून जातं. अनामिका नीट पोचेपर्यंत खुशाल याच्यावर गाणी वाजवा. ही तडजोड आहे असं समजू नका, जाणते वादकही मुद्दाम हा रंग वापरतात. हात रुळला की अनामिका तिसऱ्या फ्रेटवर टाका आणि पूर्ण ३-२-१-१ झालं.

काळी पाचमध्ये तर्जनी घरीच राहते

आता दुसरा प्रश्न: कोणतं बोट हलवायचं नाही? काळी पाचच्या पट्टीत याचं उत्तर इतकं सुंदर मिळतं की मी नवशिक्यांना मुद्दाम लवकर या पट्टीत आणतो.

एफ धरा, २-०-१-०. तर्जनी ई तारेच्या पहिल्या फ्रेटवर उभी आहे, मधलं बोट जी तारेच्या दुसऱ्यावर. बी-फ्लॅटला जाताना तर्जनी जागेवरच ठेवून फक्त आडवी झोपवा, म्हणजे ए तारही दाबली जाईल. मधलं बोट दुसऱ्याच फ्रेटमध्ये राहून जी वरून शेजारच्या सी तारेवर येतं. अनामिका जी तारेच्या तिसऱ्यावर. झालं. हात उचलून पुन्हा नवा आकार शोधायचा नाही. परत एफला येताना तर्जनी उभी करायची, की ए तार मोकळी होते.

बी-फ्लॅटवरून जी मायनरला, म्हणजे ०-२-३-१ ला जायचंय? तर्जनी तिथेच, मधलं बोट तिथेच. एकटी अनामिका जी तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरून उचलून ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर ठेवायची. एका बोटाची हालचाल आणि मेजरची मायनर.

ई-फ्लॅट, ०-३-३-१. ए तारेचा पहिला फ्रेट इथेही हवाच, म्हणून तर्जनी पुन्हा तिथेच. ई तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली जाणार असल्यामुळे तर्जनी आडवी झोपलेली राहिली तरी फरक पडत नाही. मधलं बोट सी तारेच्या तिसऱ्यावर आणि अनामिका ई तारेच्या तिसऱ्यावर. एवढं बघा की कुठलंही बोट मोकळ्या जी तारेला टेकत नाही. डी मायनरला, २-२-१-० ला, तर्जनी एफसारखी ई तारेवर उभी राहते.

म्हणजे बी-फ्लॅट, ई-फ्लॅट, एफ, जी मायनर, डी मायनर या पाच कॉर्ड्समध्ये तर्जनी पहिला फ्रेट सोडतच नाही. कधी आडवी, कधी उभी, एवढंच. ज्या पट्टीला लोक घाबरतात तीत बोटं सगळ्यात कमी धावतात, हे एकदा हाताला कळलं की भीती उरत नाही. रोज पाच मिनिटं नुसतं बी-फ्लॅट, जी मायनर, ई-फ्लॅट, एफ असं चक्र फिरवा, प्रत्येकी चार मात्रा, आणि लक्ष फक्त तर्जनीकडे ठेवा. ती फ्रेटवरून सुटली की थांबा आणि पुन्हा सुरू करा.

ई मेजर

माझ्या मते युकुलेलेवर नवशिक्याला भेटणारी सगळ्यात त्रासदायक कॉर्ड ई मेजर आहे, बी-फ्लॅट नाही. आणि हाताच्या ठेवणीप्रमाणे तिचं उत्तर बदलतं. म्हणून तीन वाटा सांगतो, तिन्ही करून बघा आणि एक निवडून तिलाच चिकटा.

पहिली, ४-४-४-२, चार बोटांची. तर्जनी ए तारेच्या दुसऱ्यावर, आणि मधलं बोट, अनामिका, करंगळी चौथ्या फ्रेटमध्ये जी, सी, ई वर ओळीने. टेनरवर ठीक, सोप्रानोवर तिथे तीन बोटं मावणं कठीण.

दुसरी, तोच आकार दोन बोटांत. तर्जनी तिथेच, आणि अनामिका चौथ्या फ्रेटवर जी, सी, ई या तीन तारांवर आडवी. यात कस लागतो तो अनामिकेच्या शेवटच्या सांध्याचा. तो मागच्या बाजूला थोडा वाकला तरच ए तार सुटी राहते. नाहीतर अनामिका ए तारेवरही पडते आणि ऐकू येतं ४-४-४-४, म्हणजे सी-शार्प मायनर सेव्हन. सांधा वाकतो की नाही हे टेबलावर अनामिकेचं टोक दाबून लगेच कळतं. नसेल वाकत तर हट्ट धरू नका, ही हाडांची ठेवण आहे, सरावाने फारशी बदलत नाही. शिवाय या पद्धतीत गंधार असलेली ई तार बरोबर सांध्याच्या घडीजवळ येते, तेव्हा तीच तार पुन्हा पुन्हा तपासा.

तिसरी, १-४-०-२. तर्जनी जी तारेच्या पहिल्यावर, मधलं बोट ए तारेच्या दुसऱ्यावर, करंगळी किंवा अनामिका सी तारेच्या चौथ्यावर, ई तार मोकळी. इथे गंधार जी तारेवर तर्जनीखाली आहे. बोटं कमानीसारखी उभी ठेवली नाहीत तर मोकळी ई तार दबते. लांब बोटांच्या लोकांना ही वाट लगेच आवडते.

आणि एक चौथा पर्याय, जो मी सगळ्यांना आधी देतो: गाण्यात ई नंतर लगेच ए येत असेल तर ई च्या जागी ई सेव्हन वाजवा, १-२-०-२. कोमल नी मिळाल्याने ए कडे ओढ उलट वाढते. बोटांचा हिशेबही सोपा आहे. ए मेजरमध्ये, २-१-०-० मध्ये, तर्जनी सी तारेच्या पहिल्यावर आणि मधलं बोट जी तारेच्या दुसऱ्यावर असतं. ई सेव्हनला दोघं आपापल्याच फ्रेटमध्ये राहून तारांची अदलाबदल करतात, आणि अनामिका ए तारेच्या दुसऱ्यावर येते. गाणं ई वरच येऊन संपत असेल, तिथे मात्र खरी ई मेजर हवी. सेव्हनवर शेवट केला तर गाणं अर्धवट सोडल्यासारखं वाटतं.

डी, बी मायनर आणि दुसऱ्या फ्रेटवरचा बार

डी मेजर, २-२-२-०, तक्त्यात सोपी दिसते आणि फ्रेटमध्ये दाटी करते. तीन बोटं मावत नसतील तर तर्जनीच्या टोकाने जी आणि सी या दोन तारा एकत्र दाबा आणि मधल्या बोटाने ई तार. ज्यांची तीन बोटं मावतात त्यांनी मधलं, अनामिका, करंगळी अशी लावावीत, तर्जनी मोकळी ठेवून. मग ए मेजरला जाताना जी तारेवरचं मधलं बोट जागचं हलत नाही, बाकीची दोन उचलायची आणि तर्जनी सी तारेच्या पहिल्यावर टाकायची.

बी मायनर ४-२-२-२. तर्जनी दुसऱ्या फ्रेटवर आडवी, अनामिका जी तारेच्या चौथ्यावर. जी तार अनामिकेने दाबलेली असल्यामुळे तर्जनीच्या टोकाखाली काय होतंय त्याला महत्त्व नाही. सी, ई आणि ए या तीनच तारा स्वच्छ हव्यात. जमेपर्यंत अनामिका न टाकता नुसता बार वाजवा: २-२-२-२. हे बी मायनर सेव्हन, आणि डी मेजरच्या गाण्यांत तर ते इतकं गोड लागतं की काही जागी मी पूर्ण बी मायनरपेक्षा तेच पसंत करतो.

बार टिकू लागला की त्याच्यावर पूर्ण कुटुंब बसवा. तर्जनी दुसऱ्या फ्रेटवर आडवी ठेवूनच करंगळी ए तारेच्या पाचव्यावर टाका, २-२-२-५, डी मेजर. करंगळी काढून मधलं बोट ए तारेच्या तिसऱ्यावर, २-२-२-३, डी सेव्हन. मधलं बोट सी तारेच्या तिसऱ्यावर, २-३-२-२, बी सेव्हन. अनामिका जी तारेच्या चौथ्यावर, बी मायनर. पुन्हा तेच, एक बोट घरी, बाकीची येऊन-जाऊन. मात्र बार सलग धरून ठेवायचा सराव एका वेळी मिनिट-दीड मिनिटाहून जास्त करू नका. हात थकला की बोटं चुकीची सवय लावून घेतात.

पट्टी बदला, कॅपो लावा

एखाद्या गाण्यात अवघड कॉर्ड्सची रांगच असेल तर आधी विचारा, हे गाणं याच पट्टीत वाजवायलाच हवं का? इंटरनेटवरचे बरेच तक्ते गिटारसाठी लिहिलेले असतात आणि गिटारवर ई, ए, बी सेव्हन सोयीचं पडतं. एकटेच वाजवत-गात असाल तर तेच गाणं सी, एफ, जी सेव्हन मध्ये आणा.

गाणाऱ्याची पट्टी ठरलेली असेल तर युकुलेलेचा छोटा कॅपो, म्हणजे मानेवर बसून सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा, जवळ ठेवा. काळी एक, म्हणजे सी-शार्प: कॅपो पहिल्या फ्रेटवर आणि सी च्या कॉर्ड्स. काळी दोन: कॅपो पहिल्यावर आणि डी च्या, किंवा तिसऱ्यावर आणि सी च्या. पांढरी तीन, म्हणजे ती नकोशी ई: कॅपो दुसऱ्यावर आणि डी च्या कॉर्ड्स. काळी तीन: पहिल्यावर आणि एफ च्या. काळी चार, ही बायकांच्या आवाजाला बरेचदा लागते आणि तिथे कॅपोशिवाय ए-फ्लॅट, डी-फ्लॅट वाजवावं लागतं: कॅपो पहिल्यावर आणि जी, सी, डी. पांढरी सात: दुसऱ्यावर आणि ए च्या. काळी पाचला मात्र कॅपो लावू नका. ती बोटांनीच वाजवा, कारण वर पाहिलं तसं तिथेच तुम्ही सगळ्यात जास्त शिकता.

रोजचा सराव

पंधरा मिनिटं रोज, हे रविवारी एकदम दोन तास बसण्यापेक्षा कितीतरी चांगलं. त्यातली पहिली तीन-चार मिनिटं एका कॉर्डला द्या: बोटं ठेवा, एकेक तार छेडून ऐका, बोटं तारांपासून सेंटिमीटरभर वर उचला, आकार हवेत तसाच ठेवा, पुन्हा टेकवा. हवेतला आकार मोडत नाही तोवर कॉर्ड हाताला कळली असं म्हणता येत नाही. बोटं एकामागून एक उतरत असतील तर आधी कुठलं उतरतं ते बघा. जे शेवटी पोचतं त्यालाच मुद्दाम आधी उतरवायचा सराव दोन दिवस केला तर चारही एकत्र पडू लागतात.

पुढची पाच मिनिटं दोनच कॉर्ड्समध्ये ये-जा. मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर, प्रत्येक कॉर्डवर एकदा खाली हात मारून चार मात्रा. चौथ्या मात्रेवर बोटं निघायला हवीत, पुढच्या पहिल्या मात्रेवर पोचायला. जमलं की दोन मात्रांवर बदल. वेग वाढवण्याची घाई नको. मात्रा कमी करणं हाच खरा वेग. नेहमी जोडीनेच सराव करा, एकट्या बी-फ्लॅटचा सराव करून एफ वरून बी-फ्लॅटला जाणं सुधारत नाही.

उरलेला वेळ गाण्याला, आणि इथे नियम उलटा: काहीही झालं तरी उजवा हात थांबवायचा नाही. कॉर्ड वेळेत बसली नाही तर मुक्या तारांवर हात फिरू द्या, पुढच्या मात्रेला बोटं पोचतील. ऐकणाऱ्याला मुकी मात्रा फारशी जाणवत नाही, थांबलेली लय मात्र लगेच खटकते. सरावात अचूकपणा, गाण्यात लय, या दोन वेळा वेगळ्या ठेवा.

कॉर्ड तीन दिवस प्रयत्न करूनही अडत असेल तर फोनवर डाव्या हाताचा जवळून व्हिडिओ घ्या. वाजवताना जे दिसत नाही ते त्यात दिसतं: तर्जनी फ्रेटच्या मागच्या टोकाला गेलीय, मनगट आत मोडलंय, किंवा करंगळी बदलाच्या क्षणी उगाच वर उडतेय. एका वेळी एकच गोष्ट दुरुस्त करा.

बी-फ्लॅट आणि बी मायनर हे दोन आकार पक्के झाले की पुढचा रस्ता सरळ आहे. बी-फ्लॅटमध्ये तर्जनी दोनच तारांवर होती, आता तोच आकार एक फ्रेट पुढे नेला की ४-३-२-२, बी मेजर, आणखी एक पुढे ५-४-३-३, सी मेजर, मग ६-५-४-४ सी-शार्प. बी मायनर एक फ्रेट पुढे नेला की ५-३-३-३, सी मायनर, त्यापुढे ६-४-४-४ सी-शार्प मायनर. फ्रेट वर जातील तसे अरुंद होत जातात, बोटं थोडी जवळ आणावी लागतात, पण नटापासून दूर गेल्यामुळे तारा दाबायला हलक्या लागतात. सुरुवात पाचव्या फ्रेटच्या सी मेजरपासून करून एकेक फ्रेट खाली बी-फ्लॅटपर्यंत उतरत या, पहिल्या फ्रेटवरचा बार आपोआप सोपा वाटू लागेल.